मधुमेह, नोकरी आणि चाळीस टक्क्यांची अट

मांजराकाठ (लातूर) | २० मे २०२४, रात्री ९.१०

नमस्कार. माझे थोरले बंधू जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका सळईच्या कारखान्यात भट्टीजवळ काम करीत होते. त्यांचा मधुमेह जुना आहे. पायांची संवेदना कमी झालेली असल्यामुळे बुटात शिरलेला लोखंडाचा तुकडा त्यांना जाणवला नाही. जखम चिघळली आणि उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. जखम भरल्यावर ते कामावर गेले, तेव्हा ‘भट्टीवर उभे राहणे तुम्हाला जमणार नाही आणि बसून करण्याचे काम आमच्याकडे नाही’ असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे जिल्हा रुग्णालयातील मंडळाने अपंगत्वाची टक्केवारी ठरवली, ती ४० पेक्षा बरीच कमी निघाली. म्हणजे कारखान्याच्या लेखी ते कामाला असमर्थ आहेत आणि शासनाच्या लेखी पुरेसे अपंग नाहीत.

जाणकारांना माझे काही प्रश्न आहेत. मधुमेह हे कायद्याने अपंगत्व मानले जाते का? बोट, पाय किंवा दृष्टी जाण्याच्या आधी कामगाराला मालकाकडे काही मागता येते का? आणि नोकरीच्या ठिकाणी आजार सांगावा की लपवावा? माझे स्वतःचे मत असे आहे की जे संरक्षण अवयव गेल्यावर मिळते, त्याचा थोडा अंश आधी मिळाला असता तर तो अवयव वाचला असता. येथे अनेकांच्या घरात हा आजार आहे, म्हणून मोकळेपणाने लिहावे ही विनंती.

---

कायदेभान (छत्रपती संभाजीनगर) | २० मे, रात्री १०.०२

आपल्या बंधूंविषयी वाचून वाईट वाटले. आधी कायद्याची बाजू मांडतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत. त्यांत मधुमेह नाही. मात्र मधुमेहातून येणारे अंधत्व, क्षीणदृष्टी आणि पाय कापल्यामुळे येणारे अस्थिव्यंग यांना ती दारे उघडी आहेत, कारण कायदा व्यंग पाहतो, ते कशामुळे आले हे पाहत नाही. नोकरीतील राखीव जागांसाठी आणि बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते.

नोकरीत असताना अपंगत्व आले तर कलम २०(४) फार मोलाचे आहे. शासकीय आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. त्या पदाचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा) पद निर्माण करून त्याला तेथे ठेवावे लागते. १९९५ च्या जुन्या कायद्यात हीच तरतूद कलम ४७ मध्ये होती. तिच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंग प्रकरणात, पाय कापावा लागलेल्या एका जवानाच्या बाजूने निकाल दिला.

दुर्दैवाने कलम २०(४) खासगी कारखान्याला लागू नाही, आणि आपल्या बंधूंची अडचण नेमकी तेथे आहे. दोन गोष्टी कळवाव्यात: त्यांच्या पगारातून कामगार विम्याची कपात होत होती का, आणि त्यांच्या डोळ्यांची तपासणी झाली आहे का?

---

शहागंज | २० मे, रात्री १०.३१

वकीलसाहेबांनी सांगितलेले कलम मी माझ्या मामांच्या बाबतीत पाहिले आहे. ते एका सार्वजनिक महामंडळात चालक होते. डोळ्यांच्या पडद्याला लेझर करूनही रात्रीचे दिसणे सुधारले नाही, म्हणून त्यांनी स्वतःहून अर्ज दिला. काही महिने कागदपत्रांत गेले, पण शेवटी त्याच वेतनावर त्यांना भांडारात काम मिळाले आणि तेथूनच ते निवृत्त झाले. अर्ज देताना घरातले सगळे घाबरले होते. चाळीस प्रवासी पाठीमागे बसलेले असताना हे लपवणार नाही, एवढेच मामा म्हणाले.

---

डॉ. दुधना (परभणी) | २१ मे, सकाळी ७.१५

मी रोज मधुमेहाचे रुग्ण तपासतो, त्यामुळे धाग्याच्या मूळ मताशी बव्हंशी सहमत असूनही एक सावधगिरीची सूचना करतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आहे. यांतले बहुसंख्य लोक कोणतेही काम उत्तम करू शकतात. सरसकट सगळ्यांना अपंग म्हटले, तर नोकरी देणाऱ्याच्या मनातली भीती वाढेल आणि माझ्या तरुण रुग्णांना मुलाखतीतूनच परत पाठवले जाईल.

खरा प्रश्न आजार आणि काम यांच्या जोडीचा आहे. नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीवर असलेल्या कारकुनाची शुगर कामावर अचानक उतरण्याची शक्यता फार कमी असते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या, जेवणाची वेळ चुकलेल्या आणि उंचावर चढणाऱ्या वायरमनची गोष्ट वेगळी आहे. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे असते. त्यासाठी कामगाराच्या खिशात ग्लुकोजची पुडी असली पाहिजे आणि ती खायला काम थांबवण्याची मुभा असली पाहिजे. मालकाला याचा खर्च काहीच नाही.

भट्टीवरच्या कामाविषयी थोडे अधिक लिहितो. पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत का, हे १० ग्रॅम दाबाच्या एका नायलॉनच्या तंतूने दोन मिनिटांत कळते. ज्याला तो तंतू तळव्यावर जाणवत नाही, त्या माणसाला उष्ण फरशीवर, अरुंद टोकाच्या कडक बुटांत आठ-आठ तास उभे करू नये. त्याला पुढून रुंद असलेले सुरक्षा-बूट द्यावेत. बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकण्याची आणि रात्री आरशात तळवे पाहण्याची सवय त्याने लावून घ्यावी. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो. भट्टीजवळ घामाने शरीरातले पाणी कमी होते आणि साखर व मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. मांजराकाठ, आपल्या बंधूंची बोटे गेली ती नुसत्या मधुमेहाने गेली नाहीत. बधिर पाय आणि ते काम एकत्र आले म्हणून गेली.

---

सुईधागा (लातूर जिल्हा) | २१ मे, सकाळी ९.४०

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून मतभेद नोंदवते. मला लहानपणापासून टाइप वन मधुमेह (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तो) आहे आणि मी एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. ‘अपंग म्हटले तर लोक घाबरतील’ हा युक्तिवाद आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आम्ही गप्प राहिलो म्हणून लोकांची भीती कमी झालेली मला दिसली नाही. उलट त्या गप्प राहण्याने आमच्या गरजाच कोणाला दिसल्या नाहीत. अमेरिकेने २००८ च्या दुरुस्तीने आणि ब्रिटनने २०१० च्या समानता कायद्याने मधुमेहींना अपंगत्वाच्या कायद्याचे संरक्षण दिले. तेथे मधुमेही शिक्षक, परिचारिका, अभियंते कामे करीतच आहेत.

माझ्या आधीच्या नोकरीत इन्सुलिन घेण्यासाठी मला स्वच्छतागृहात जायला सांगण्यात येई, कारण ‘मुलांसमोर सुई बरी दिसत नाही’. त्या जागी औषध टोचून घेणे किती अस्वच्छ आहे, हे सांगायला नको. आताच्या शाळेत मी पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितले. शिक्षकदालनात एक कोपरा मिळाला, दुसऱ्या तासानंतर मी पाच मिनिटे खाते, आणि माझ्या वर्गातील मुलांना ‘बाई अडखळायला लागल्या तर टेबलाच्या खणातली साखर द्यायची’ हे ठाऊक आहे. ७ मे रोजी मतदान होते तेव्हाही मी केंद्राध्यक्षांना आदल्या संध्याकाळीच सांगितले, आणि त्यांनी माझ्या जेवणाच्या वेळेला दुसऱ्या अधिकाऱ्याला बसवण्याची व्यवस्था आनंदाने केली. ज्यांची नोकरी पक्की आहे, त्यांनी तरी लपवू नये, असे मला कळकळीने वाटते.

---

हर्सूल_नाका | २१ मे, सकाळी १०.०५

ताई, खूप छान लिहिलेत. आमच्या कार्यालयात नेमणूक, बदली, बढती, बारसे, सगळ्याला पेढे असतात. नको म्हटले की ‘अर्धाच घ्या’ असा आग्रह होतो आणि अर्धा-अर्धा करीत संध्याकाळपर्यंत दोन पेढे पोटात जातात. आता मी फुटाण्यांची बरणी ठेवली आहे. आग्रह करणाऱ्याच्या हातावर मीच मूठभर फुटाणे ठेवतो.

---

वाळूजवासी | २१ मे, दुपारी १.२०

मी वाळूजच्या एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. आमच्या बाजूने पाहिलेले लिहितो.

भरतीपूर्व तपासणीत साखर वाढलेली आढळली की पर्यवेक्षकांचा पहिला प्रश्न ‘हा माणूस किती सुट्ट्या घेईल’ असा असतो. प्रत्यक्षात गैरहजेरी वाढते ती आजार लपवलेल्यांची, कारण ते तपासणीसाठी अर्धा दिवस मागत नाहीत आणि मग पायाच्या जखमेसाठी एकदम महिनाभर जातात. आमच्याकडे फिरत्या पाळ्या आहेत. इन्सुलिनवर असलेल्या कामगारांना आम्ही रात्रपाळीतून सूट देतो. त्याचा उत्पादनावर परिणाम झाला नाही. मात्र हे कंपनीच्या मर्जीवर आहे, हे मान्य करतो.

वकीलसाहेबांनी कामगार विम्याविषयी विचारले ते योग्यच आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना (अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे) राज्य कामगार विमा योजना लागू होते. त्यासाठी कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. साधारण आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. परंतु फार थोड्या कामगारांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, ज्या ३४ दीर्घ आजारांसाठी त्यापुढेही, जास्तीत जास्त २ वर्षांपर्यंत, ८० टक्के दराने लाभ मिळतो, त्या यादीत मधुमेही पाय, मधुमेहामुळे पडद्याला झालेली गंभीर इजा आणि मूत्रपिंडाचा विकार यांचा समावेश आहे. अट अशी की कामगार सलग २ वर्षे विमाधारक असावा आणि त्या काळात त्याची किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. शिवाय १९४८ च्या या कायद्याच्या कलम ७३ नुसार, आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला कामगाराला कामावरून काढता येत नाही.

---

मांजराकाठ | २१ मे, दुपारी २.०८

वाळूजवासी, हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. बंधू ठेकेदारामार्फत कामाला होते. कपात होत होती का, ते जुन्या पगारपत्रकांत शोधतो.

---

बालाघाट (बीड) | २१ मे, सायंकाळी ६.४५

येथे शिक्षक, चालक, कारखान्यातले कामगार बोलत आहेत. ज्यांना पगारपत्रक म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांच्या वतीने लिहितो. माझे आईवडील ऊसतोडीला जात, आणि आजही आमच्या वाडीतली निम्मी घरे दसरा-दिवाळीच्या सुमारास बंद होतात.

तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधी घेतलेली असते आणि ती फेडल्याशिवाय सुटका नसते. दोघांपैकी एकाला बरे नसले तरी कोयता मोडतो आणि खाडा पडतो. खाड्याचे पैसे उचलीत मिळवले जातात. अशा ठिकाणी मधुमेही बाई सकाळच्या जेवणाची वेळ कशी पाळणार? गाडी भरायची वेळ कारखान्याच्या चिठ्ठीवर ठरते, ती मध्यरात्रीचीही असते. उसाच्या खोडव्यांतून अनवाणी किंवा साध्या चपलेवर चालताना तळवा फाटतो, त्यावर चिखल बसतो. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, वीज नाही, तर इन्सुलिन कोठे ठेवायचे? म्हणून बहुतेक जण सहा महिने गोळ्यांवर काढतात आणि गावी परतल्यावर डॉक्टरांकडे जातात. तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

कायदेभान, आपण सांगितलेल्या कलमांत ‘आस्थापना’ हा शब्द वारंवार येतो. आमच्या माणसाची आस्थापना कोणती? साखर कारखाना म्हणतो तो मुकादमाचा माणूस, मुकादम म्हणतो तो कारखान्याचा. उत्तर नसेल तर नाही म्हणून लिहा, पण हा प्रश्न या धाग्यात नोंदलेला राहू द्या.

---

डॉ. दुधना | २१ मे, रात्री ८.३०

बालाघाट, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. इन्सुलिनपुरते सांगतो. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात काढलेली बाटली ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. शीतकपाट नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, झाकण घालून, सावलीत ठेवावी. बाटलीत पाणी शिरू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या डबीत बंद करावी. बर्फाला टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

---

गोदेचा_पूर (पैठण) | २१ मे, रात्री ८.५२

डॉक्टर, भारनियमनाच्या दिवसांत माझ्या आईने असेच मडके वापरले आहे. नातवंडे त्याला ‘आजीचा फ्रिज’ म्हणत.

---

ब्रेलवाचक (नांदेड) | २२ मे, सकाळी ८.२०

मी जन्मतः अंध आहे आणि राखीव जागेतून बँकेत लागलो. मधुमेहींचे दुःख मला कळते, तरीही एक भीती स्पष्टपणे मांडतो. राखीव जागा एकूण ४ टक्के, त्यांतला १ टक्का अंध व क्षीणदृष्टी असलेल्यांसाठी. तेवढ्यासाठी आमच्या आधीच्या पिढीने न्यायालयांचे उंबरठे झिजवले. दहा कोटी लोकांचा आजार या यादीत घातला, तर जो मुळात पाहू शकत नाही किंवा चालू शकत नाही त्याच्या वाट्याला काय उरेल? सुईधागा ताईंना खाण्यासाठी पाच मिनिटे मिळावीत, यात मला कणभरही शंका नाही. पण त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र कशाला हवे?

---

सुईधागा | २२ मे, सकाळी १०.१०

ब्रेलवाचक दादा, तुमची भीती रास्त आहे. मला राखीव जागा नको आहे; ती मी कधी मागितलीही नाही. मला फक्त ‘पाच मिनिटे’ हा हक्क म्हणून हवा आहे. आज तो मुख्याध्यापकांचा चांगुलपणा आहे आणि उद्या मुख्याध्यापक बदलतील.

---

कायदेभान | २२ मे, सकाळी ११.३०

या दोन्ही प्रतिसादांना एकत्र उत्तर देता येते, कारण कायद्यातच दोन पायऱ्या आहेत. राखीव जागांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. परंतु ‘दिव्यांग व्यक्ती’ याची कलम २(ध) मधील व्याख्या टक्केवारीवर बेतलेली नाही: दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची उणीव आणि समाजातले अडथळे यांमुळे ज्याच्या बरोबरीच्या सहभागात बाधा येते, ती व्यक्ती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका नागरी सेवा परीक्षार्थीला लेखनिक नाकारण्यात आला होता तेव्हा, हाच फरक स्पष्ट केला. त्या तरुणाकडे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नव्हते. वाजवी सोय, म्हणजे गरजेनुसार करून दिलेला बदल, मिळवण्यासाठी ते लागतच नाही, असे न्यायालयाने सांगितले.

हा निकाल मधुमेहाविषयी नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. तरी टाइप वन मधुमेह असलेल्या व्यक्तीने जेवणाची वेळ, सुई घेण्यासाठी स्वच्छ जागा किंवा पाळीतला बदल मागताना त्याचा आधार घेणे मला योग्य वाटते. ब्रेलवाचक यांच्या १ टक्क्यातून यात काहीही वजा होत नाही. सीबीएसईने २०१७ पासून टाइप वन असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवू दिला, तेव्हाही कोणा दुसऱ्या विद्यार्थ्याचे गुण कमी झाले नाहीत.

बालाघाट, आपल्या प्रश्नाला माझेही उत्तर ‘नाही’ असेच आहे. मुकादमाला आस्थापना ठरवून कलम लावणे कागदावर शक्य वाटते, पण ज्याच्या डोक्यावर उचल आहे तो मुकादमावर तक्रार करील, हे मला पटत नाही.

---

ब्रेलवाचक | २२ मे, दुपारी १२.०५

हा फरक मला मान्य आहे. माझा विरोध राखीव जागांपुरता होता, सोयींना नाही.

---

तेरणा (धाराशिव) | २२ मे, दुपारी ३.१५

माझ्या वहिनींची मूत्रपिंडे मधुमेहाने निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास आणि जाण्यायेण्याचा प्रवास निराळा. त्यांना अंगणवाडीचे काम सोडावे लागले. अनुसूचीतल्या २१ प्रकारांत मूत्रपिंडाचा विकार नाही, त्यामुळे प्रमाणपत्राचा प्रश्नच येत नाही. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतो, हा मोठा आधार आहे. पण बुडालेल्या मानधनाची भरपाई कोणतीही योजना करीत नाही. यादी वाढवायचीच असेल, तर निदान अशा रुग्णांपासून सुरुवात व्हावी.

---

मांजराकाठ | २३ मे, रात्री ९.३०

सर्वांचे मनापासून आभार. बंधूंचे डोळे काल तपासले. डाव्या डोळ्याची दृष्टी पडद्यातील रक्तस्रावामुळे जवळजवळ गेली आहे, उजवा डोळा चांगला आहे. एका डोळ्याने चालत असल्यामुळे त्यांनी हे आम्हाला कधी बोलूनच दाखवले नाही. याचा प्रमाणपत्राशी काही संबंध येतो का?

---

कायदेभान | २३ मे, रात्री १०.१५

निश्चित येतो. दृष्टीची टक्केवारी चांगल्या डोळ्यावर ठरते, म्हणून एका डोळ्याच्या व्यक्तीला ३० टक्केच मिळतात आणि नुसत्या डोळ्यावर ४० गाठता येत नाहीत. परंतु एकाहून अधिक व्यंगे असतील तर त्यांची एकत्रित टक्केवारी काढावी लागते. सूत्र असे: मोठी टक्केवारी अ, लहान ब; ९० मधून अ वजा करून त्याला ब ने गुणायचे, ९० ने भागायचे आणि येणारी संख्या अ मध्ये मिळवायची. समजा डोळ्याचे ३० आणि पायाचे २० असतील, तर बेरीज ५० होत नाही, पण ४३ च्या वर जाते. पायाचे १५ असतील तर बरोबर ४० होतात.

पहिल्या वेळी मंडळाने फक्त पाय पाहिला असणार. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीच्या ‘स्वावलंबन’ या शासकीय संकेतस्थळावर डोळा आणि पाय दोन्ही नमूद करून पुन्हा अर्ज करावा. निर्णय मान्य नसेल तर कलम ५९ खाली अपील करता येते. डॉक्टरांनी सांगितलेली तंतूची तपासणीही अहवालात लिहून घ्यावी.

---

डॉ. दुधना | २३ मे, रात्री १०.४०

प्रमाणपत्राचे काम होत राहील. उजव्या डोळ्याचा पडदा मात्र याच आठवड्यात तज्ज्ञाला दाखवावा. एका डोळ्यात रक्तस्राव झालेल्या माणसाच्या दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो, आणि वेळेत लेझर किंवा इंजेक्शन दिल्यास तो बहुतेक वेळा टळतो. लांब पडत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयाच्या नेत्रविभागात दाखवा.

---

मांजराकाठ | २५ मे, सायंकाळी ७.०५

पगारपत्रकांच्या गठ्ठ्यात ठेकेदाराच्या शिक्क्याची काही पत्रके सापडली. त्यांवर ‘ईएसआय’ (कामगार विमा) या रकान्यात कपात आहे आणि एक दहा आकडी क्रमांक आहे. सोमवारी उजवा डोळा दाखवायला नेत आहोत. तेथून विमा कार्यालयात जायचे ठरवले आहे.

---

वाळूजवासी | २५ मे, सायंकाळी ७.२२

तोच विमा क्रमांक. जाताना आधारपत्र, बँकेचे पासबुक, शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाने दिलेले सुटीपत्र (डिस्चार्ज कार्ड) आणि मूळ पगारपत्रके बरोबर ठेवा, त्यांच्या छायाप्रती वेगळ्या घ्या. कपात करूनही ठेकेदाराने वर्गणी भरली नसल्याचे आढळले, तर तेथेच लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. ठेकेदाराने भरले नाही तर मूळ मालकाला भरावे लागते.